भरून आलंय

पिस्काटवेच्या रेस्क्यू स्क्वाडच्या तळघरात
मंगळवारी आणि गुरुवारी, सात ते दहा,
आम्ही नवं व्याकरण घोकतो.
टॅकी म्हणजे वेगात, ब्रॅडी म्हणजे रेंगाळत,
डिस लागला की समजायचं, काहीतरी अडतंय.
डिस्प्निया. मी वहीच्या समासात लिहिते: धाप.
दोनच अक्षरं, म्हणतानाच श्वास सुटतो.

लोरेटाबाई पंचवीस वर्षं अँब्युलन्सवर.
गुडघे गेले, आवाज शाबूत.
"आधी दारात थांबा," म्हणतात,
"गॅसचा वास? मोकळा कुत्रा? कुठे बंदूक?
मेलेला मदतनीस कुणाच्या कामाचा नसतो."
मग हातमोजे. मग माणूस.

मला आधी माणूसच दिसतो.
यातच माझे दोन गुण जातात, दर वेळी.

ड्वेन दिवसा कुरिअरची गाडी चालवतो,
रात्री पेशंट होऊन फरशीवर लोळतो.
कधी सुरू झालं, कशानं वाढतं, कुठे सरकतं,
दहापैकी किती?
"साडेअकरा," तो विव्हळतो. सगळे हसतात.
दुखणं कसं आहे, याला पुस्तकात चार पर्याय.
माझ्या आईच्या पाठीत उसण भरायची,
दाढेत ठणका, पोटऱ्यांत गोळे, भाजलं की भगभग,
आणि "कसंतरीच होतंय गं,"
ज्याला या फॉर्मवर चौकटच नाही.

फेब्रुवारी. माझी तिसरी ड्यूटी.
दुसरा मजला, बर्फानं भिजलेले बूट दाराशी,
आत चार बॅगा, वजनकाट्यावर पाचवी.
मी फक्त ऑक्सिजनची पिशवी धरायची, असं ठरलेलं.
सोफ्यावर सत्तरीचे गृहस्थ,
खिडकी उघडी, तरी कपाळावर घाम.
नातू चौदाचा, तोच दुभाषा.

"छातीत भरून आलंय रे," ते म्हणाले.

नातवानं इंग्रजीत सांगितलं,
"ते जरा हळवे झालेत. उद्या परत जायचंय ना."
ओर्टेगानं मान हलवली, टॅबवर काही टिपलं.

पोराचं चुकलं नव्हतं. तोही अर्थ आहेच.
घरात त्यानं तोच ऐकला असणार,
विमानतळावर, दरवाजांशी.

मी पिशवी खाली ठेवली.
"काका, कुठे भरून आलंय? हात ठेवून दाखवा."
त्यांनी बोट दाखवलं नाही.
मूठ ठेवली, छातीच्या मधोमध, आवळून.
मग तीच मूठ उघडून डाव्या खांद्याकडे, जबड्याकडे,
कुणी आतून दोरी ओढत नेल्यासारखी.
"कधीपासून?"
"बॅगा बांधत होतो तेव्हापासून. म्हटलं, जाईल."
"दहापैकी किती?"
"असं कसं सांगू, बाई? सोसवत होतं. आता नाही."

मी ओर्टेगाकडे वळून सगळं सांगितलं,
तळघरातल्या क्रमानं, एकही कप्पा न चुकवता.
त्याचा चेहरा तसाच राहिला.
हात मात्र बदलले.
"औषधाची अ‍ॅलर्जी विचार."
"काका, अ‍ॅलर्जी कशाची?"
"जावयाची," घामातून म्हणाले,
आणि हे मात्र नातवाला नीट कळलं.
"गोळी चावा, गिळू नका. चावा."

गाडीत त्यांनी माझं निळं मनगट धरलं.
"तुम्ही कुठल्या?"
"मिरजेची."
"मग काय, डॉक्टरांचंच गाव," म्हणाले,
आणि मॉनिटरवरची रेघ बघत राहिले,
दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

पुढे काय झालं ते आम्हाला कळवत नाहीत.
गुरुवारी लोरेटाबाईंनी रिपोर्ट वाचला.
"पिशवी सोडलीस," म्हणाल्या. दोन गुण गेले.
चष्मा काढून मग बराच वेळ पुसला.

मी वही उघडली. समासात लिहिलं, भरून येणे.
समोर अर्थ लिहायला जागा थोडी होती.
ड्वेन फरशीवर पडून हाका मारत होता.
घाईत एवढंच लिहिलं:
आधी विचारावं, कुठे.